मुंबईत दिवाळखोरीचा वकील निवडताना

चेक परत जाऊ लागले, बँकेची माणसं दारात येऊ लागली, की घरात कुणीतरी म्हणतं, "एखादा चांगला वकील बघा." मग सोसायटीच्या कन्व्हेयन्सचं काम केलेले वकीलकाका आठवतात, नाहीतर नात्यातल्या कुणाचा घटस्फोट लढलेले. ते त्यांच्या कामात पक्के असतीलही, पण दिवाळखोरी हे त्यांचं रोजचं काम नसतं. शिवाय "दिवाळखोरीचा वकील" असा एकच प्रकार मुंबईत नाही. कर्ज कोणाच्या नावावर आहे त्यावर कायदा ठरतो, कायद्यावर कोर्ट ठरतं आणि कोर्टावर वकील. हा क्रम उलटा झाला की वर्षभराचा वेळ आणि हातातले शेवटचे पैसे चुकीच्या इमारतीत खर्च होतात.

आधी कर्जाची वही

वकिलाला फोन करण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक कर्जाला एक ओळ द्या. धनकोचं नाव, मूळ रक्कम, आजची बाकी, तारण काय, जामीनदार कोण, शेवटचा पैसा कधी भरला, कोणती नोटीस किंवा दावा आला, चेक दिलेत का, असे रकाने पाडा. दादरला कापडाचं दुकान असलेल्या माणसाची वही समजा अशी आहे. सहकारी बँकेचं कॅश क्रेडिट ३२ लाख, तारण दुकानातला माल आणि राहता फ्लॅट, जामीनदार बायको, सरफेसीची (बँकेला कोर्टात दावा न करता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस आलेली. भिवंडीच्या व्यापाऱ्याचे ७ लाख, तारण नाही, दोन चेक परत, कलम १३८ ची (चेक न वटल्याची) फौजदारी केस चालू. क्रेडिट कार्डांचे ४ लाख. साडूकडून हातउसने घेतलेले ३ लाख, कागद काहीच नाही, त्यातले दीड लाख मागच्या महिन्यात परत केले.

या चार ओळी समोर ठेवल्या की जाणकार वकील पाच मिनिटांत बोलायला लागतो. पहिलं कर्ज तारणाचं. तारणधारक धनको नादारीच्या, म्हणजे व्यक्तीच्या दिवाळखोरीच्या, कारवाईबाहेर राहून आपलं तारण विकू शकतो, म्हणून फ्लॅट वाचवायचा असेल तर त्याची लढाई वेगळी, डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात. दुसऱ्या कर्जातली फौजदारी केस नादारीच्या अर्जाने थांबत नाही. तिसरं कर्ज हा नादारीचा खरा विषय. आणि चौथ्या ओळीतले ते दीड लाख डोकेदुखी आहेत, कारण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकतं माप देऊन फेडलेले पैसे रद्द ठरवून परत मागता येतात. हे ज्याला वही बघून सुचत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

वहीसोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंट, कर्जाचे करार, हमीपत्रांच्या प्रती आणि आलेल्या नोटिसा त्यांच्या पाकिटांसकट ठेवा. पाकिटं फेकू नका. नोटीस कधी मिळाली यावर मुदती मोजल्या जातात आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हा त्याचा साधा पुरावा असतो. मूळ कागद मात्र घरीच राहू द्या. पहिल्या भेटीला झेरॉक्स पुरतात.

आणखी एक. वकील ठरेपर्यंत कुणालाही "मी अमुक रक्कम देणं लागतो, दोन महिन्यांत देतो" असं लिहून देऊ नका, व्हॉट्सॲपवरही नको. कर्जवसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी दिलेली लेखी कबुली ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. म्हणून तर वहीत शेवटच्या भरण्याची तारीख हवी.

तुमचं दार कोणतं

कर्ज तुमच्या स्वतःच्या नावावर किंवा तुमच्या भागीदारी पेढीचं असेल आणि तुम्ही मुंबईत राहत किंवा धंदा करत असाल, तर आजही १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा लागतो. अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे प्रकरणं थेट दाखल होतात त्या विभागात, होतो. आदेश झाला की तुमची मालमत्ता ऑफिशियल असायनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे, जाते. कायदा किती जुना आहे ते आकड्यांवरून कळेल: ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी ऋणको स्वतः अर्ज करू शकतो, आणि जप्तीतून सुटणारी हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी मिळून मर्यादा ३०० रुपयांची आहे.

दहिसरचा चेकनाका ओलांडला की कायदा बदलतो. ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण, वसई, पनवेल या पट्ट्यात १९२० चा प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा आहे आणि काम त्या त्या जिल्ह्याच्या न्यायालयात चालतं. पण तुम्ही डोंबिवलीत राहता आणि दुकान मशीद बंदरला आहे, तर मुंबईचं दारही उघडं असतं. दोन्हींपैकी कोणतं सोयीचं, हे वकिलाने कारणासह सांगायला हवं.

कर्ज प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं किंवा एलएलपीचं असेल तर २०१६ चा दिवाळखोरी संहितेचा कायदा, म्हणजे आयबीसी, आणि कफ परेडच्या एमटीएनएल एक्सचेंज इमारतीतलं एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. तिथे जायला थकबाकी किमान १ कोटीची लागते. २४ मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २०२१ पासून प्री-पॅकची, म्हणजे धनकोंशी आधीच ठरवून आणलेल्या योजनेची, वाट आहे. तिची मर्यादा १० लाख, आणि आधी धनकोंची ठराविक टक्के संमती मिळवावी लागते.

चौथं दार सर्वांत जास्त चुकतं. कंपनीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर १ डिसेंबर २०१९ पासून त्या हमीदारालाही आयबीसी लागू आहे आणि त्याचंही काम एनसीएलटीतच चालतं. बँक आधी मागणी नोटीस देते. १४ दिवसांत पैसे आले नाहीत तर अर्ज करू शकते. हमीदार स्वतःही अर्ज करू शकतो.

आता नीट लक्ष द्या. आयबीसीत सामान्य व्यक्तींसाठीही प्रकरणं लिहिलेली आहेत. वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असलेल्यांना नव्याने सुरुवात करू देणारी तरतूदही त्यात आहे. पण कंपनीचे वैयक्तिक हमीदार सोडले तर व्यक्तींसाठीचा तो भाग अजून अंमलात आणलेला नाही. तरीही क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनच्या कर्जदारांना "आयबीसीत टाकू, सगळं माफ होईल" असं सांगणारी माणसं भेटतात. पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारा: "माझं कर्ज फक्त कार्डाचं आहे, आयबीसी लागेल का?" उत्तर "हो" आलं तर चहा संपवून उठा.

आणि पाचवी शक्यता, दिवाळखोरीची गरजच नसणं. नोकरदाराचा पगार हुकूमनाम्यात जप्त झाला तरी पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीलाही संरक्षण आहे. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली तोच अडचणीत असतो. अनेकदा बँकेशी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत यातच काम भागतं. नादारीआधी हे पर्याय तपासून तुमच्यासमोर मांडणारा वकील तुमचं हित बघतो आहे असं समजायला हरकत नाही. याउलट, भिशी किंवा लोकांच्या ठेवी घेतल्या असतील तर १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या, कायद्याचा धोका असतो. अशा वेळी आधी फौजदारी वकिलाचा सल्ला घ्या आणि मगच नादारीचं बघा.

नावं कुठून काढायची

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे लोकलच्या डब्यात चिकटवलेलं "कर्जमुक्ती" हे स्टिकर, किंवा तुमच्या हप्त्याची माहिती असल्यासारखा आलेला फोन, हा बहुतेक वेळा वकिलाचा नसतोच. तडजोड करून देणाऱ्या एजन्सीचा असतो. "हप्ते भरणं थांबवा, ते पैसे दरमहा आमच्याकडे फी म्हणून द्या" हा त्यांचा साचा. सहा महिन्यांनी फी गेलेली असते, व्याज चढलेलं असतं आणि दाव्याचा समन्स घरी आलेला असतो. कोर्टात तर ते उभेच राहू शकत नाहीत.

खरी नावं निकालांत सापडतात. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर मुंबई खंडपीठाचे आदेश वाचायला मिळतात आणि त्यात कोणाकडून कोण हजर होतं हे लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्या प्रकरणांचे पाच-सहा आदेश वाचा आणि कर्जदाराच्या किंवा हमीदाराच्या बाजूने कोण उभं होतं ती नावं टिपा. उच्च न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावरही, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवरही, वकिलांची नावं असतात. इन्सॉल्व्हन्सीची प्रकरणं कुणाच्या नावावर परत परत दिसतात ते पाहा. तुमच्या सीएलाही विचारा, पण "कोण ओळखीचा आहे" असं विचारू नका. "कोणाचं काम शेवटपर्यंत गेलेलं पाहिलंत" असं विचारा.

पैसेच नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

सनद आणि हक्क तपासणं

वकिलाचा सनद क्रमांक मागायला संकोच करू नका. आपल्याकडे तो महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो: आधी एमएएच ही अक्षरं, मग क्रमांक आणि वर्ष. कौन्सिलकडे त्याची खातरजमा होते. सनद नसताना वकिली करणं हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

एनसीएलटीत सीए आणि कंपनी सेक्रेटरीही पक्षकारातर्फे बोलू शकतात. उच्च न्यायालयातल्या नादारीच्या अर्जात मात्र वकीलच लागतो. अजून एक घोटाळा टाळा: "इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल" म्हणजे तुमचा वकील नव्हे. त्याची नोंद आयबीबीआयकडे, म्हणजे दिवाळखोरीच्या नियामक मंडळाकडे, असते आणि त्याला निःपक्ष राहून अहवाल द्यायचा असतो. तुमच्या प्रकरणात नेमणूक होणारी व्यक्तीच तुम्हाला सल्ला देत असेल तर पुढे तुमचाच अर्ज संशयात येतो.

पहिली भेट

भेटीला पाऊण तास मागा, आणि वकील स्वतः भेटणार की कनिष्ठ, हे फोनवरच विचारून घ्या. कनिष्ठाने माहिती घेणं गैर नाही. फक्त अर्ज कोण लिहिणार आणि तारखेला कोण उभं राहणार ते कळलं पाहिजे. मोठ्या प्रकरणात वरिष्ठ वकील घेतात. ते वकीलपत्र दाखल करत नाहीत, त्यांना तुमचा वकील ब्रीफ करतो आणि त्यांची फी वेगळी लागते.

मग हितसंबंधांचा प्रश्न, आणि मुंबईत तो विचारायलाच हवा, कारण इथे या क्षेत्रातले बरेच वकील बँकांच्या पॅनेलवर असतात. वहीतली धनकोंची नावं वाचून दाखवा आणि विचारा, "यातल्या कुणाचं काम तुम्ही किंवा तुमची फर्म करते का?" दुसरा संघर्ष घरातलाच असतो: कंपनी आणि हमी दिलेला संचालक यांचं हित पुढे फाटू शकतं. कंपनीवर कारवाई सुरू झाली की तिला मोरेटोरियम, म्हणजे दावे आणि वसुलीला स्थगिती, मिळतो, हमीदाराला त्याचा आडोसा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१८ मध्येच स्पष्ट केलं. दोघांना एकच वकील असेल तर तो हे सांगायला टाळाटाळ करण्याची भीती असते.

त्यानंतर कायद्याचे काही प्रश्न, ज्यांची बरोबर उत्तरं तुम्हाला इथेच मिळतील.

"अर्ज केला की चेकच्या केसेस थांबतील का?" कंपनीच्या मोरेटोरियममध्ये कंपनीवरची कलम १३८ ची केस थांबते, सही करणाऱ्या संचालकावरची चालू राहते, हा २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. हमीदाराच्या अंतरिम मोरेटोरियमनेही ती थांबत नाही, हे २०२५ मध्ये ठरलं. "सगळं थांबेल" म्हणणाऱ्याने हे निर्णय वाचलेले नाहीत.

"नादारीचा आदेश झाला की मी कर्जातून सुटलो का?" नाही. आदेशानंतर ३० दिवसांत मालमत्तेची आणि कर्जांची अनुसूची द्यावी लागते, कोर्टात जाहीर तपासणी होते, आणि मग डिस्चार्जसाठी, म्हणजे कर्जातून मुक्तीसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो. तो मुदतीत केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. डिस्चार्ज मिळाला तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून आलेली देणी उरतात. अटकेपासून संरक्षणही आपोआप मिळत नाही. अनुसूची दिल्यावर ते मागावं लागतं. हे टप्पे जो न अडखळता सांगतो, त्याने हे काम केलेलं असतं.

"मधल्या काळात मला काय करता येणार नाही?" डिस्चार्ज न मिळालेला नादार कंपनीचा संचालक राहू शकत नाही, आमदारकी-खासदारकीला अपात्र ठरतो. आपली स्थिती न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेणं हाही गुन्हा आहे.

"आयबीसीतल्या दुरुस्तीचं काय?" १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्याची आजची स्थिती आणि तुमच्या प्रकरणावरचा परिणाम या क्षेत्रातल्या वकिलाला तोंडपाठ असला पाहिजे.

शेवटी त्याने तुम्हाला काय विचारलं तेही आठवा. गेल्या दोन वर्षांत काही बक्षीसपत्र केलंत का, फ्लॅट बायकोच्या नावावर केला का, दागिने कुठे आहेत, असे नकोसे प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत. दोन वर्षांतलं मोबदल्याविना हस्तांतर रद्द होऊ शकतं. आणि "फ्लॅट आधी भावाच्या नावावर करा, मग अर्ज करू" असा सल्ला देणारा वकील तुम्हाला तुरुंगाच्या दिशेने ढकलतो आहे. तिथून निघून या.

फी

फी निकालावर ठरवता येत नाही. "सुटलेल्या कर्जाच्या दहा टक्के द्या" हा व्यवहार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. उरतात दोन पद्धती: संपूर्ण कामाची ठोक रक्कम, किंवा मसुद्याची वेगळी आणि दर तारखेची वेगळी. तारखेवारीत एक गोष्ट लेखी घ्या: प्रकरण बोर्डावर आलं पण पुकारलंच नाही, तर त्या दिवसाची फी किती? मुंबईत असे दिवस बरेच येतात आणि खर्च तिथेच फुगतो.

कोर्टाची फी, टायपिंग आणि पेपरबुक, नोटीस वर्तमानपत्रात छापण्याचा खर्च आणि वरिष्ठ वकिलाची फी या बाबी वेगवेगळ्या लिहून मागा. एनसीएलटीत कंपनीने स्वतःच्या दिवाळखोरीसाठी करायच्या अर्जाची फी २५,००० रुपये आहे, वैयक्तिक हमीदाराच्या अर्जाची २,०००. "कोर्टाला दोन लाख भरायचे आहेत" असं कुणी म्हटलं तर चलन दाखवायला सांगा. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. रोख दिलेली रक्कम पुढे तुमच्या हिशेबात "हे पैसे कुठे गेले?" म्हणून उभी राहते, आणि नादाराच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारला जातो. फीसाठी नवीन कर्ज काढू नका, दागिने गुपचूप विकू नका. पैसे कुठून आणणार हे वकिलालाच आधी सांगा.

वकीलपत्र आणि त्यानंतर

वकीलपत्र वाचून सही करा. पक्षकारांची नावं, कोर्ट आणि प्रकरणाचा प्रकार भरलेला असावा. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका, मुन्शी कितीही घाईत असला तरी. नादारीच्या कामात प्रतिज्ञापत्राला फार वजन असतं. "माझी एवढीच मालमत्ता आहे" असं तुम्ही शपथेवर सांगत असता. गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नंतर लागलेलं तुमचं नाव, जुनी विमा पॉलिसी, डीमॅटमध्ये पडून राहिलेले शेअर, हे विसरून राहिलं तरी लपवल्यासारखं दिसतं. मसुदा इंग्रजीत असेल तर ओळीओळीने मराठीत समजावून घ्या आणि मगच सही करा.

दाखल झाल्यावर प्रकरणाचा क्रमांक घ्या. सुरुवातीला मिळतो तो लॉजिंग किंवा फाइलिंग क्रमांक. कार्यालयीन आक्षेप दूर झाले की नोंदणी क्रमांक मिळतो. आक्षेप वेळेत दूर झाले नाहीत तर अर्ज तिथेच फेटाळला जाऊ शकतो, आणि पक्षकार मात्र "केस चालू आहे" या समजात राहतो. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा संकेतस्थळावर स्वतः स्थिती बघा. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहे. वेळा टिपून वकिलाला द्या.

वकील बदलायची वेळ आली तर घाबरू नका. तो अधिकार तुमचा आहे. आधी लेखी कळवा, राहिलेल्या फीचा हिशेब मागा आणि ना-हरकत घेऊन नवीन वकीलपत्र दाखल करा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडकवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते. ग्राहक मंचाचा रस्ता मे २०२४ च्या निर्णयाने वकिलांच्या बाबतीत बंद झाला आहे. फाइल परत घेताना प्रत्येक कागदाची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या आणि पुढची तारीख त्याच यादीवर लिहून घ्या.